चातुर्मासातले थेंब

सन दोन हजार पंचवीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा. श्रावणी सोमवार. ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या एका हॉलच्या स्टेजवर मी उभा होतो, हातात केशरी कापडाची घडी. समोर खुर्चीत भोपाळहून आलेले आरोग्य खात्याचे मोठे साहेब. त्यांच्या डोक्याला मला फेटा बांधायचा होता.

साहेबांनी मान वर करून विचारलं, "ये कौन हैं?"

शेजारी वसंतराव उभे होते. वसंतराव माझे साडू. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात आमची लग्नं लागली, एकाच पंगतीत आम्ही दोघं जावई म्हणून जेवलो. वसंतराव हसले. म्हणाले, "साहब, ये हमारे पगड़ीवाले हैं।"

बस. एवढंच.

साडू म्हणाले नाहीत. घरचे आहेत, म्हणाले नाहीत. भाजीवाले, दूधवाले, पगडीवाले. खाली खुर्च्यांच्या कडेला माझी बायको वत्सला भिंतीला धरून उभी होती. तिला स्टेज दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं.

मी घडी उलगडली. कापड हातात असताना बोलायचं नाही, ही माझ्या बापाची शिकवण.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुका होतील, होऊ देत. आमचा कुणी पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरीस आला. लढाया संपल्या, घोडे संपले, राहिल्या त्या पगड्या. आजोबांनी बांधल्या, बापाने बांधल्या, मी बांधतो. किला गेटजवळ दोन खोल्यांचं घर, टोपी बाजारात दुकान. दुकान म्हणजे काय, एक ओटा आणि वर पत्रा. पगडी आम्ही गुडघ्यावर नाहीतर लाकडाच्या ठोकळ्यावर बांधतो आणि तयार करून देतो. माणसाच्या डोक्यावर कापड मी दोघांच्याच बांधतो. एक नवरदेव. दुसरा, ज्याचा बाप गेला तो मोठा मुलगा, तेराव्याच्या दिवशी. दोघंही त्या दिवसापासून घराचं ओझं घेतात. कापड त्यासाठी असतं. शोभेसाठी नसतं.

साहेब कुणाचं ओझं घेणार होते? पण वसंतराव म्हणाले होते, "साडूभाऊ, पाहुण्यांना काय कळतंय. स्टेजवर डोक्यावर बांधा, फोटो चांगला येतो." श्रावण होता. हाताला काम नव्हतं. मी हो म्हणालो.

आता खरं ते सांगतो. मी वसंतरावांवर जळतो. वर्षानुवर्षं जळत आलो आहे. लोक म्हातारपणी म्हणतात की माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. माझ्या आहे.

त्यांच्या नोकरीवर मी कधी जळलो नाही. ते सरकारी कचेरीत कारकून होते. थाटीपुरात सरकारी क्वार्टर मिळालं, मग तिथेच जवळ घर बांधलं. बांधू देत. तरुणपणी त्यांनी मला त्यांच्या कचेरीत चपराशाची जागा सांगितली होती. म्हणाले, "साडूभाऊ, स्टूल आहे, पंखा आहे, पुढे पेन्शन आहे." मी म्हणालो, "मी लोकांच्या डोक्याला हात लावणारा माणूस. साहेबाच्या दारात स्टूल टाकून बसणार नाही." आजही तेच म्हणेन. पेन्शनीवर मी जळलो नाही, त्यांच्या गाडीवर नाही, त्यांचा मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत लागला त्यावरही नाही.

मी जळलो एका बाटलीवर.

त्यांच्या फ्रीजच्या दारात, लोणी ठेवायच्या कप्प्यात, बोटाएवढी एक बाटली उभी असते. डोळ्यात घालायचे थेंब. मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या बायकोने पाण्यासाठी फ्रीज उघडला की माझी नजर आधी तिथे जायची. बाटली आहे. भरलेली आहे. दर महिन्याला नवी. सरकारी नोकरांची वेगळी डिस्पेन्सरी असते, रिटायर झाल्यावरही चालते. वसंतराव सकाळी स्कूटरवर जातात, बाटली घेऊन येतात, येताना जिलबी आणतात.

दोघी बहिणींना काचबिंदू. त्यांच्या आईलाही तोच असणार. सासूबाई शेवटी हाताने चाचपत चालायच्या. तेव्हा कुणी रोगाचं नाव घेतलं नाही, म्हातारपण म्हणाले. मोठ्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांचं आधी कळलं, म्हणून डॉक्टर म्हणाले की धाकटीलाही दाखवा. सरकारी अस्पतालात दाखवलं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, डोळ्याच्या आत दाब वाढतो. जेवढी नजर गेली ती परत येत नाही. जी आहे ती थांबवता येते. रोज रात्री थेंब. एक दिवस चुकवायचा नाही. मरेपर्यंत."

मी चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीवर गेलो. खिडकीतला माणूस चिठ्ठी बघून म्हणाला, "ये वाली सप्लाई में नहीं है। बाहर से ले लो।"

बाहेरून म्हणजे बाजारातून. बाजारातून म्हणजे माझ्या कमाईतून. आणि माझी कमाई म्हणजे मुहूर्त. तुळशीचं लग्न झालं की लोकांना पगड्या आठवतात. तेव्हापासून आषाढापर्यंत माझ्या घरात थेंब असायचे. देव झोपले की लग्नं बंद, लग्नं बंद की पगड्या बंद, पगड्या बंद की थेंब बंद. चार महिने माझ्या बायकोचा डोळा पंचांगावर चालायचा. मी शेजाऱ्याकडे तेल मागितलं नाही कधी, तिथे थेंब कुठून मागणार?

एका चातुर्मासात तिचा डावा डोळा गेला, उजव्यात धूसर तेवढं उरलं. दुखलं नाही, लाल झाला नाही. एक दिवस ती गहू निवडत होती आणि म्हणाली, "अहो, ताटाची एक बाजू कुणी उचलली का?"

अक्का मात्र सुईत दोरा ओवायच्या. दारात रांगोळी काढायच्या, बारीक, ठिपक्यांची. सणावाराला आम्ही थाटीपुरात गेलो की मी त्या रांगोळीकडे बघायचो. एकाच आईच्या पोटच्या दोघी. एकच रोग. एकीला दिसतं, कारण तिच्या बापाने तिला सरकारी कारकुनाला दिली. दुसरीला दिसत नाही, कारण तिला पगडीवाल्याला दिली. बापाने काय डोळे बघून जावई शोधले होते? त्याला काय माहीत, की मुलीची नजर हुंड्यासारखी जावयाकडून येते!

मग सरकारने सत्तरच्या वरच्या म्हाताऱ्यांसाठी कार्ड काढलं. आम्ही दोघांनी काढून घेतलं. मी दोन्ही कार्डांवर प्लास्टिक चढवून घेतलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी टोपी बाजारातून छाती काढून चाललो. मनात म्हटलं, वसंतराव, आता आमच्याही फ्रीजात बाटली. आमच्याकडे फ्रीज नाही, माठाजवळ ठेवली असती.

कार्ड घेऊन आम्ही एका मोठ्या खासगी अस्पतालात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड मशीनला दाखवलं. नाव आलं, फोटो आला. वत्सला मला हळूच म्हणाली, "माझा फोटो बरा आलाय का?" मुलीने विचारलं, "क्या ऑपरेशन है?"

मी म्हणालो, "ऑपरेशन नहीं, बूँद चाहिए। रोज़ की।"

ती म्हणाली, "बाबा, भर्ती होंगी तो कार्ड चलेगा। ऑपरेशन होगा तो चलेगा। बूँद-दवाई पे नहीं चलता।"

"मतलब आँख बचाने पे नहीं चलता?"

"सिस्टम में ऑप्शन नहीं है बाबा।"

मुलगी वाईट नव्हती. नातीच्या वयाची. तिने आम्हाला पाणी दिलं. पण मला तिथे उभ्या उभ्या कळलं की कुठेतरी कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलंय. पडलात तर उचलू. तोल जातोय तोवर या बाजूला बघणार नाही. कार्डावरचं प्लास्टिक माझ्या घामाने ओलं झालं होतं.

वसंतरावांना सांगितलं तर म्हणाले, "तेव्हा स्टूलवर बसला असतात, तर आज ही वेळ आली नसती." आणि चहाचा घोट घेतला. मी चहा तसाच ठेवून उठलो.

पण एक गोष्ट मला कळत नव्हती. गेल्या वर्षीपासून चातुर्मास लागला तरी वत्सला थेंब मागत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "आहेत अजून थोडे." मला वाटायचं, पुरवून पुरवून वापरते. बायका तेल पुरवतात, साखर पुरवतात, तसं. मी जास्त खोलात गेलो नाही.

आता त्या सोमवारचं.

शिबिर मोतीबिंदूचं होतं. पेन्शनरांच्या मंडळाने ठेवलं होतं, वसंतराव त्या मंडळाचे सेक्रेटरी. बरीच ऑपरेशनं आधीच झाली होती, त्याचा समारंभ, आणि सोबत नवी तपासणी. मला पगड्यांचं काम त्यांनीच दिलं. वत्सला म्हणाली, "मीही येते. मोठे डॉक्टर येणार आहेत. बघतील तर बघतील." तिचा उपास होता. नवं लुगडं नेसली, माझ्या खांद्याला धरून टेम्पोत चढली.

मशीन होती, डोळ्यावर फुस्सकन हवा मारून दाब मोजणारी. पहिला मान सेक्रेटरीणबाईंचा. अक्का बसल्या, फोटो निघाला. मशीनवरची डॉक्टर मुलगी आकडा बघून म्हणाली, "अम्मा जी, प्रेशर तो बहुत बढ़ा हुआ है। बूँद रोज़ डाल रही हैं न?"

वसंतराव पुढे आले. "रोज़ ही डालती हैं। मैं ख़ुद ला के देता हूँ, महीने की महीने।" मग मराठीत, दात दाबून, "अगं, काय सांगतेय ती? कुठे जातं औषध?"

 उठताना अक्कांचा पाय खुर्चीत अडकला. त्यांना खुर्ची दिसली नव्हती. मी ते बघितलं. सुईत दोरा ओवणारी बाई.

रांग पुढे सरकली. वत्सला बसली. फुस्स. मुलगी म्हणाली, "डावा तर गेलाच आहे..." नाही, हिंदीतच बोलली ती, "बाईं तो गई, पर दाईं का प्रेशर ठीक रुका हुआ है। बूँद अच्छे से डल रही है।"

मी म्हणालो, "कहाँ से डलेगी? चौमासा है।"

मुलीला काही कळलं नाही. ती का कळून घेईल? पण वत्सलाचा हात पदराखाली ओटीपाशी गेला. बाई लाजली की, घाबरली की जातो तसा. आणि अक्का दुसरीकडे बघायला लागल्या.

मला लख्ख कळलं. आम्ही थाटीपुरातून निघालो की अक्का धाकटीची ओटी भरायच्या. सण असो नसो. तांदूळ, खण, नारळ. मी हसायचो. म्हणायचो, "अक्का, एवढी ओटी तर नव्या नवरीची भरत नाहीत." नारळाखाली काय असायचं ते पुरुष माणूस कशाला बघेल? ओटीत पुरुषाने हात घालायचा नसतो.

ज्या बाटलीवर मी जळत होतो, ती माझ्याच घरी येत होती. अर्धी. आणि उरलेल्या अर्ध्याने अक्कांचं भागत नव्हतं.

"माता जी, साइड में हो जाइए," मुलगी म्हणाली. "ये शिविर मोतियाबिंद का है।" वत्सला भिंतीकडे सरकली. मला माइकवरून बोलावणं आलं. पगडीवाले बाबा, मंच पर आइए.

तर मी स्टेजवर. "ये हमारे पगड़ीवाले हैं" झालेलं. कापडाचा एक पदर साहेबांच्या कपाळावर धरून मी पीळ देत होतो. अर्धा फेटा झाला असेल. खाली गडबड चालू होती. ज्यांची ऑपरेशनं झाली, त्या खेड्यातल्या लोकांची बस आली नव्हती. फोटोवाला घाई करत होता. सूत्रसंचालक माइकवर शेर म्हणून वेळ काढत होता. मी पाठमोरा होतो, हातात काम होतं, मला वाटलं, आपल्याला काय.

मग टाळ्या वाजल्या. माइकवर आवाज आला, "माता जी की रोशनी लौट आई!"

मी वळून बघितलं. वसंतराव एका बाईचा हात धरून तिला स्टेजवर आणत होते. बाईच्या डोळ्यांवर ऑपरेशनवाल्यांचा काळा चष्मा. हातात फळांची थाळी. नवं लुगडं.

वत्सला.

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. तिला वाटलं होतं की साहेब आता तिचा डोळा बघणार. वसंतराव तिला म्हणाले होते, "चल वत्सला, तुला मोठ्या साहेबांसमोर बसवतो." खोटं बोलले नव्हते. समोर बसवलंच होतं.

फोटो निघाले. साहेब वाकून प्रेमाने म्हणाले, "अम्मा, अब साफ़ दिखता है?"

वत्सलाने मान इकडेतिकडे वळवली. म्हणाली, "कौन बोल रहा है?"

हॉल हसला. सगळा हॉल. साहेबही हसले. मागून एक पोरगा आला आणि तिच्या हातातली थाळी काढून घेतली, पुढच्या फोटोसाठी. तिचे हात तसेच राहिले, थाळी धरल्यासारखे.

मी तेव्हा थांबलो.

ओढून काढलं नाही. फेकलं नाही. कापडाचा अपमान मी करत नाही. एकेक पीळ मी उलटा सोडवला. साहेबांचं डोकं उघडं झालं. कापडाची घडी घातली, खांद्यावर टाकली. मग बोललो. माइक कुठे होता माहीत नाही, आवाज हॉलभर गेला म्हणजे जवळच असणार.

"साहब, ये मेरी औरत है। इसका कोई ऑपरेशन नहीं हुआ। इसकी बीमारी आपके शिविर में नहीं है, आपके कार्ड में नहीं है, आपकी खिड़की पर नहीं है। एक आँख गई। दूसरी इसकी बहन की आधी दवा पर चल रही है, और अब वो बहन भी जा रही है। पहले दवा दीजिए। बाद में बाँधूँगा।"

 साहेबांनी केसांवरून हात फिरवला. मागच्या माणसाला म्हणाले, "देखिए भाई इनका, कुछ।" तो माणूस "जी सर" म्हणाला. कुणीतरी मी आणलेल्या तयार पगड्यांतली एक उचलून साहेबांच्या डोक्यावर ठेवली. माझीच पगडी. सूत्रसंचालकाने पुढचा शेर म्हटला. कार्यक्रम चालू झाला. दोन पोरांनी मला दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत सोडलं. मी वत्सलाच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि खुर्चीवर ठेवला.

पायऱ्यांवर वसंतराव आले. कठड्याला धरून उतरत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं वय दिसलं.

"साडू म्हणून काम दिलं तुम्हाला!"

मी म्हणालो, "आत पगडीवाला होतो. बाहेर आल्यावर साडू झालो?"

"माझी इज्जत घालवलीत. आणि वर माझ्या बायकोचे डोळे खाल्लेत तुम्ही दोघांनी. तीस वर्षं घासली मी त्या कचेरीत. ते औषध माझ्या नोकरीचं आहे. उद्यापासून एक थेंब मिळणार नाही. मी स्वतः घालीन तिच्या डोळ्यात."

अक्का मागे उभ्या होत्या, खांबाला हात लावून. म्हणाल्या, "अहो, तिची काय चूक? मीच देत होते."

"तू गप्प बस."

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला. पण त्याखाली दुसरं काहीतरी वर आलं. हा माणूस जणू ती बाटली छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यात भीती होती. माझ्यासारखीच. त्याची बायको आंधळी होत होती आणि त्याला चोर मिळाला होता घरचा. ज्यांनी ही एक बाटली दोन बहिणींमध्ये ठेवली, ते आत पगडी घालून शेर ऐकत होते.

मी म्हणालो, "वसंतराव, नोकरी तुम्ही घासली. मी काय बसून खाल्लं? गावातल्या नवरदेवांच्या पगड्या तुमच्या कचेरीने बांधल्या का? आणि माझं सोडा. अक्कांनी कुठे नोकरी केली? त्यांचे डोळे कोणत्या कचेरीत हजेरी लावत होते?"

ते वळले. आत गेले.

घरी आलो. दिवेलागण झाली होती. वत्सलाने उपास सोडायला ताट घेतलं नाही. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बाटली परत पाठवली असती."

"पाठवली असती."

"म्हणून नाही सांगितलं." मग म्हणाली, "अक्का म्हणायची, एक रात्र मी, एक रात्र तू. दोघींचा एक एक डोळा राहिला तरी मिळून एक बाई पुरी होते."

तिने कोनाड्यातून बाटली काढून माझ्या हातात दिली. तळाशी थोडं होतं. मी पहिल्यांदा ती बाटली हातात धरली. इतकी वर्षं फ्रीजच्या दारात बघितली. केवढी हलकी. एवढ्याशा वस्तूवर मी जळलो?

हो. जळलो. आणि आता सांगतो, बरोबर जळलो. फक्त चुकीच्या माणसाच्या दारात उभा राहून जळलो. लोक शिकवतात की मत्सर वाईट. ज्याच्या घरात दिवा आहे, त्याला मत्सर वाईटच वाटतो. अंधारातल्या माणसाला शेजारचा दिवा दिसतो म्हणून तर कळतं की दिवा नावाची वस्तू असते, ती तयार होते, ती वाटता येते, आणि आपल्याला दिलेली नाही. मी वसंतरावांवर जळलो नसतो तर आजही म्हणालो असतो की म्हातारपण आहे, देवाची मर्जी आहे. सासूबाईंच्या वेळी म्हणालो तसं.

देवाची मर्जी नाही. देव तर चार महिने झोपलेला असतो. जागे असतात ते कुणीतरी माणसं, जी ठरवतात की मोतीबिंदूचा फोटो निघतो म्हणून तो करू, काचबिंदूचा फोटो निघत नाही म्हणून तो सोडू. जे फुटलं ते शिवू, जे उसवतंय त्याला टाका घालणार नाही. माणसांनी ठरवलेलं माणसं बदलू शकतात.

मला वसंतरावांची बाटली नको. तिच्यातला अर्धा थेंबही नको. मला कुणाची दया नको, ओटीतली चोरी नको, साहेबाचं "देखिए इनका कुछ" नको. मला खिडकी पाहिजे. सरकारी अस्पतालातली तीच खिडकी, जिथे "बाहेरून घ्या" म्हणाले. तिथे दर महिन्याला थेंब पाहिजेत, ज्याला लागतात त्या प्रत्येकाला. कारकुनाच्या बायकोला, पगडीवाल्याच्या बायकोला, आणि जिच्या नवऱ्याचं काहीच नाव नाही तिलाही. मुहूर्त असो नसो.

वत्सला म्हणाली, "कोण ऐकेल?"

मी म्हणालो, "उद्या मंगळवार आहे."

मंगळवारी कलेक्टरच्या कचेरीत जनसुनवाई असते. कुणीही जाऊन उभं राहावं, तक्रार सांगावी. मी कधी गेलो नव्हतो. मागायला जायचं म्हणून गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. कालचं केशरी कापड घेतलं, साहेबांच्या डोक्यावरून सोडवलेलं. आरशासमोर बसलो. आयुष्यभर लोकांची डोकी बांधली, स्वतःचं दोनदाच बांधलं गेलं होतं, लग्नात बापाच्या हाताने आणि बाप गेला तेव्हा चुलत्याच्या. आता माझ्यापेक्षा मोठं कुणी उरलं नाही. मी स्वतःच बांधलं. घट्ट. पदर खोचला.

आधी थाटीपुरात गेलो. वसंतरावांच्या दारात आत न जाता हाक मारली, "अक्का, चला." अक्का चपला शोधत बाहेर आल्या. पायाने चाचपून शोधल्या. वसंतराव दारात उभे राहिले. मला वाटलं, अडवतील. ते खाली वाकले आणि चपलांचा जोड त्यांच्या पायापुढे सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

कचेरीच्या फाटकावर शिपाई होता. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "बाबा, सम्मान समारोह आज यहाँ नहीं है।"

मी म्हणालो, "सम्मान नहीं, दवा चाहिए। लाइन कहाँ है?"

त्याने बोट दाखवलं. लांब रांग होती. दोघी बहिणींना मी हात धरून पुढे उभं केलं, कारण डोळे त्यांचे आहेत. मी मागे उभा राहिलो. मागून एक जण म्हणाला, "बाबा, धूप है, पगड़ी उतार लो।"

मी उतरवली नाही.